बंद पडलेल्या रेडिओ-अँप्लिफायरचं काय करावं?



लेकरांच्या शिक्षणापायी गावाकडून येऊन जुळे सोलापुरात घर केलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांच्या माळ्यावर एखादा जुना रेडिओ-अँप्लिफायर बंद पडून असतो. भंगारवाला तो वजनावर नेतो. पण संच बंद पडला म्हणजे सगळाच मेला असं नव्हे. पुष्कळदा एखादाच भाग जळतो, बाकीचे शाबूत असतात. ते कसे काढावेत ते पाहू.

आधी जीव सांभाळा. पिन भिंतीतून काढली तरी आतल्या मोठ्या, डबीसारख्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. म्हणून १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या पकडीत धरून कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना दहा सेकंद लावा. मग मीटरने तपासा. पेचकस आडवा लावून ठिणगी पाडू नका. संच काचेच्या व्हॉल्व्हचा असेल, तर त्यात दोन-अडीचशे व्होल्टचा दाब असतो. तो जाणत्या कारागिराकडेच द्या.

काय काढावं?

१. स्पीकर : दीड व्होल्टच्या सेलच्या तारा क्षणभर टेकवा. खर्रकन आवाज आला की गुंडाळी शाबूत. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सातच्या आसपास दाखवतो. दुसऱ्या रेडिओत बसवताना ओहम तोच ठेवा.

२. ट्रान्सफॉर्मर : विजेकडची गुंडाळी जास्त ओहम दाखवते, दुसरी अगदी कमी. मीटरचा काटा हललाच नाही, तर गुंडाळी तुटली समजा. जळका वास येत असेल तर घेऊ नका.

३. ॲल्युमिनियमचा पंखेदार पत्रा, बटणं, स्विच, स्क्रू : हे सहसा खराब होत नाहीत.

४. ओढून लांब होणारी एरियल : एफ.एम.साठी सुमारे ७५ सेंटिमीटर लांबी पुरे.

काय घेऊ नये? फुगलेले, गळलेले कंडेन्सर. वरून चांगले दिसले तरी जुने कंडेन्सर आतून सुकलेले असतात. दुरुस्तीला नवेच घ्यावेत.

बॅटरीबद्दल एक गोष्ट. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला नुसते डायोड लावून बॅटरी जोडू नका. एकदिश केल्यावर तो दाब शिखराला साडेपंधरा व्होल्टपर्यंत जातो. बॅटरी उकळते आणि पेट घेणारा वायू निघतो. मध्ये दाब राखणारा चार्जर हवाच.

आणि हे तर मुळीच करू नका. ज्वारीत रानडुकरं, हरणं शिरतात म्हणून या ट्रान्सफॉर्मरवरून कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका. घरच्या जोडकामात २३० व्होल्ट तारेत कधी उतरतील याचा नेम नाही. पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेला शेजारीच त्या तारेला चिकटायचा. कुंपणात अशी वीज सोडणं कायद्यानंही गुन्हा आहे. एका पिकापायी माणूस गमावू नये.

उरलेली पाटी आणि तारा जाळू नका. जुन्या डागात शिसं असतं आणि तारेवरच्या प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. लेकरांना दूर ठेवा, काम झाल्यावर हात धुवा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्याप्रमाणे असा माल नोंदणी असलेल्या केंद्रावर द्यावा.

थोडक्यात, आधी वीज उतरवा, मग मीटर लावा, मगच भाग काढा. खात्री नसेल तर संच उघडूच नका.