हिरवं बटण कुठे गेलं?

गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दहा ते बारा मोबाइलचा वर्ग भरायचा. शिकवणारे चार : एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आणि मी. फी नाही, मानधन नाही, चहा ग्रंथपालांच्या खिशातून. शिकायला येणाऱ्या बहुतेक साठीपुढच्या बायका, मुलांनी टाकून दिलेले जुने टच फोन पदरात गुंडाळून आणणाऱ्या. तीन महिन्यांनी आम्ही परीक्षा घेतली. सगळ्या पास. त्यांतल्या एका मावशींच्या नावापुढे 'उत्तीर्ण' असा शेरा मी स्वतः मारला आणि खाली ऐटीत सही केली.

तीन आठवड्यांनी मावशींचा फोन. "अरे, गॅसचा नंबर लावायचं ते हिरवं बटण कुठे गेलं रे?"

बटण कुठेच गेलं नव्हतं. अ‍ॅप अपडेट झालं होतं. बटण निळं होऊन वरून खाली आलं होतं. मावशींना आम्ही गॅसचा नंबर लावायला शिकवलंच नव्हतं. हिरव्या रंगावर बोट ठेवायला शिकवलं होतं, आणि परीक्षेत तेच विचारून त्यांना पास केलं होतं.

तेव्हापासून साक्षरतेचे आकडे दिसले की मी थबकतो. म्हणून 21 ऑगस्ट 2025 रोजी केरळने स्वतःला संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा त्यातल्या एका आकड्यापाशी मी अडकलो : परीक्षेत 99.98 टक्के पास.

आधी कौतुक, कारण ते मनापासून आहे. 'डिजि केरलम' या मोहिमेत 83 लाखांहून अधिक घरांची पाहणी झाली. ज्यांना फोन फक्त उचलता येतो किंवा तेवढंही जमत नाही असे सुमारे 21 लाख 88 हजार लोक सापडले. त्यांना शिकवायला उभे राहिले दोन लाख 57 हजार स्वयंसेवक. म्हणजे एका स्वयंसेवकाच्या वाट्याला सरासरी आठ-नऊ जण. आमच्या खोलीत तरी याहून वेगळं काय होतं? शिकवायला कॉलेजची मुलं होती, 'कुटुंबश्री'च्या बायका होत्या. कुटुंबश्री म्हणजे 1998 मध्ये सुरू झालेलं, केरळच्या प्रत्येक गल्लीत पोचलेलं बचतगटांचं जाळं. वर्ग कुठे भरले? घराच्या ओसरीवर, गटाच्या बैठकीत, रोजगार हमीच्या कामावर. खड्डा खणून झाल्यावर सावलीत बसून व्हिडिओ कॉल लावायला शिकायचं. शिकणाऱ्यांत वयाची शंभरी ओलांडलेले गृहस्थही होते.

याची सुरुवात एका ग्रामपंचायतीपासून झाली. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातली पुल्लमपारा. 21 सप्टेंबर 2022 रोजी ती देशातली पहिली पूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली. तिथला हिशेब मला राज्याच्या हिशेबापेक्षा जास्त आवडतो. पाहणीत 4,386 जण डिजिटल निरक्षर निघाले. त्यातले 3,917 शिकले आणि परीक्षेत 3,300 पास झाले. शेकडा 84. म्हणजे 617 जणांना शिकवूनही जमलं नाही, आणि तेही कागदावर उतरलं.

आता राज्याचा आकडा घ्या. साडेएकवीस लाखांवर लोकांत 99.98 टक्के म्हणजे बाकी राहिले साधारण चारशे-साडेचारशे. एकट्या पुल्लमपारात न जमलेल्यांची संख्या अख्ख्या राज्यापेक्षा जास्त! यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. न जमलेल्याला परत बसवायचं, परत शिकवायचं, परत विचारायचं, असं करत गेलं की शेवटची ओळ शंभराच्या जवळ येणारच. चांगल्या शाळेत तसंच व्हायला हवं. राज्याच्या अर्थ आणि सांख्यिकी खात्याकडून वेगळी पडताळणीही झाली. पण असा आकडा वाचून शिकवणाऱ्यांची चिकाटी कळते. शिकणाऱ्याच्या बोटात काय उरलं, ते कळत नाही.

कारण अशा मोहिमेत यादी करणारा, शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकाच वॉर्डातला, बहुतेकदा एकाच गल्लीतला. समोर बसलेली आजी त्याला लहानपणापासून ओळखते. तिचं बोट चुकीच्या जागी गेलं की त्याच्या तोंडून 'अं हं' निघतंच. मी ते 'अं हं' किती वेळा काढलं आहे, मला ठाऊक आहे. फुकट शिकवणाऱ्याला पगार नसतो. शिकणाऱ्याचं पास होणं हीच त्याची कमाई. मग तो मोजमापात हात सैल सोडणार नाही तर काय?

केरळला हा खेळ नवा नाही. 4 फेब्रुवारी 1990 रोजी एर्नाकुलम हा देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला, तोही स्वयंसेवकांच्याच बळावर; त्यात केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते आघाडीवर होते. पुढल्या वर्षी 18 एप्रिलला कोळिकोडमध्ये चेलक्कोडन आयेशा या नवसाक्षर बाईंनी राज्य साक्षर झाल्याची घोषणा केली. पण त्या काळच्या साक्षरता मोहिमेची कसोटी कडक होती : मिनिटाला तीस शब्द वाचा, सात शब्द उतरवून घ्या, शंभरपर्यंत आकडे लिहा. आणि अक्षर तरी स्थिर असतं. 'क' शिकलेल्या माणसाच्या नकळत कोणी एका रात्रीत 'क'चं पोट डावीकडून उजवीकडे नेत नाही. अ‍ॅपवाले नेतात.

आपल्याकडची गोष्टही आठवते. 1959 मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि साठीच्या दशकाच्या आरंभी राज्यभर पसरली. गावचे शिक्षक फुकट शिकवायचे, चार महिन्यांत अख्खं गाव साक्षर करायचं आणि मग ग्रामगौरवाचा सोहळा. देशभर तिचं नाव झालं. आणि मग, सोहळ्यानंतर वाचायला काही नाही, विचारायला कोणी नाही, म्हणून बरेच नवसाक्षर पुन्हा अंगठ्यावर आले. ती मोहीम शिकवण्यात फसली नाही. परत न जाण्यात फसली.

मग मोजायचं कसं? एक पद्धत म्हणजे डोकी मोजायची. 'इंटरनेट साथी' हा गूगल आणि टाटा ट्रस्ट्सचा उपक्रम 2015 मध्ये सुरू झाला. सायकलवर टॅब घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बायका ही त्याची खूण. महाराष्ट्रातही त्या फिरल्या. त्याचं यश कोट्यवधी स्त्रियांपर्यंत पोचल्याच्या आकड्यात सांगितलं गेलं. त्या साथींबद्दल मला आदर आहे. उन्हातान्हात सायकल हाणणं सोपं नसतं. पण पोचणं वेगळं, आणि साथी गेल्यावर सासूसमोर फोन हातात घेता येणं वेगळं.

दुसरी पद्धत 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीची, आणि मला तीच पटते. त्यांचे पाहणी करणारेही स्वयंसेवकच. पण ते शिकवत नाहीत. अनोळखी घरात जातात आणि कामं सांगतात. 2023 च्या पाहणीत 28 जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना घरातला फोन आणायला सांगितलं : अमुक वाजताचा गजर लाव, नेटवर एक उत्तर शोध, एक व्हिडिओ शोधून पाठव, नकाशावर दोन ठिकाणांमधला प्रवासाचा वेळ काढ. व्हिडिओ सुमारे ऐंशी टक्क्यांना सापडला. गजर लावता आला दोन-तृतीयांशांना. नकाशा जमला जेमतेम एक-तृतीयांशाहून थोड्या जास्त जणांना. ही जन्मल्यापासून फोन बघणारी पिढी! तेव्हा केरळच्या नवशिक्यांच्या 99.98 ला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं. तिथे कामं सोपी असतील, किंवा 'अं हं' फार झालं असेल.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या वर्गात पैसे पाठवायला शिकवताना टाळ्या वाजायच्या. 2024 या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गेल्याचं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं. आदल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट. बटणाचा फोन असलेल्या आजीला व्हिडिओ कॉलवर खोट्या वर्दीतला माणूस 'डिजिटल अटक' करू शकत नव्हता. आम्ही तिला दार उघडायला शिकवलं. साखळी लावायला शिकवलं का? आलेला ओटीपी न सांगणं, फोन कट करणं, 1930 वर तक्रार करणं, ही खरी उत्तरपत्रिका. आणि ती कोरी राहिली तरच विद्यार्थी पास : काहीच घडलं नाही, पैसे गेले नाहीत, फोन बंद केला. हे न घडणं कुठल्या रकान्यात भरायचं, ते आमच्या फॉर्ममध्ये नव्हतं.

निवृत्त पोस्टमनकाकांनी यावर त्यांच्यापुरता तोडगा काढला आहे. टपाल वाटण्याची सवय सुटलेली नाही. दर पंधरवड्याला ते दोन-तीन घरी जातात, चहा घेतात आणि स्वतःचा फोन पुढे करतात. शिकणारणीचा नाही, स्वतःचा, वेगळ्या कंपनीचा, इंग्रजी अक्षरांचा. "यावरून माझ्या मुलीला फोटो पाठवा," म्हणतात आणि हात मांडीखाली घालून बसतात. हात मांडीखाली का, विचारलं तर म्हणाले, नाहीतर मदतीला जातात.

मागच्या आठवड्यात ते मावशींकडे गेले होते. फोटो गेला नाही. बँकेतून बोलतोय असं सांगणारा एक फोन मात्र मावशींनी महिन्यापूर्वी कट केला होता, हे चहा पिताना कळलं. वर्गाच्या वहीत मी 'उत्तीर्ण' खोडलं आहे. त्या जागी सहा महिन्यांनंतरची तारीख घातली आहे.