सेनगावातून नोकरीचा अर्ज: रेझ्युमेत काय लिहावं

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातली बहुतेक मुलं-मुली पदवीनंतर आधी सरकारी भरतीकडे वळतात. तिथं ऑनलाइन फॉर्म असतो, परीक्षा असते. रेझ्युमे सहसा कुणी मागत नाही. पण वाळूज किंवा चाकणचा कारखाना, नांदेडचं रुग्णालय, पुण्यातलं कार्यालय यांच्यासमोर तुमच्याआधी हे एकच पान पोहोचतं. भरतीच्या अभ्यासात तीन-चार वर्षं गेल्यावर ते झेरॉक्सच्या दुकानात, दुसऱ्याच कुणाच्या फाइलमध्ये नाव बदलून तयार होतं. इतक्या कष्टांनंतर असं व्हायला नको.

आधी काय काढायचं

जात, धर्म, उंची, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालंय की नाही, हे स्थळाच्या बायोडाटात ठीक. नोकरीच्या पानावर त्यांचं काम नाही. आधार क्रमांक तर मुळीच देऊ नका. हे पान किती हातांत फिरेल सांगता येत नाही. ‘नामांकित संस्थेत काम करून प्रगती साधणे’ हे ध्येयवाक्य आणि शेवटचं ‘वरील माहिती सत्य आहे’ हेही काढा. तेवढी जागा कामाला लागेल.

‘अनुभव नाही’ हे बहुधा खरं नसतं

मला सर्वांत जास्त खटकतं ते ‘अनुभव: नाही’. हा हळद आणि सोयाबीनचा जिल्हा आहे. हंगामात अडत दुकानावर काट्याच्या नोंदी ठेवणारा, सेवा केंद्रात पीकविम्याचे अर्ज भरणारी, बचत गटाचा हिशोब लिहिणारी, अशी मुलं-मुली गावोगाव आहेत. ओळखीच्या माणसाकडे केलं, म्हणून ते काम धरायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं असतं.

ते काम असं लिहा: काय केलं, किती केलं, कशावर केलं, किती काळ केलं. ‘संगणकाचे ज्ञान’ यातून काहीच कळत नाही. ‘खरीप हंगामात सेवा केंद्रात शेतकऱ्यांचे पीकविमा अर्ज भरले, सातबारा आणि बँक खात्याचा तपशील तपासून कागद अपलोड केले’ यातून अचूकपणा दिसतो, माणसांशी बोलण्याची सवय दिसते. रोजचे अर्ज किती, तो आकडाही टाका. मात्र मुलाखतीत विचारलं तर सांगता येईल असाच.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तसंच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. अनेक जण नुसतं ‘प्रशिक्षणार्थी’ लिहून थांबतात. कोणत्या कार्यालयात होता, कोणती रजिस्टरं सांभाळली, कशाची ऑनलाइन नोंद केली, हे लिहा आणि प्रमाणपत्र जपून ठेवा.

शिक्षण

शेवटची पदवी सर्वांत वर. विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहा: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. टायपिंगचा वेग ‘मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट’ असा वेगवेगळा द्या. भरतीच्या तयारीत गेलेली वर्षं लपवू नका. एका ओळीत सांगितली की संशय उरत नाही.

भाषा आणि मांडणी

जाहिरात इंग्रजीत असेल तर रेझ्युमेही इंग्रजीत, पण स्वतःला बोलता येतील अशा छोट्या वाक्यांत. जाहिरातीतलं कौशल्य तुमच्याकडे असेल, तर ते त्याच शब्दांत लिहा. मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा अर्ज आधी संगणक चाळतो. चौकटी, दोन रकाने, नक्षी यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की निव्वळ चिन्हं दिसतात.

पाठवताना

पीडीएफ करा, फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या. ईमेल साधा, नावाचाच असावा. बाहेरगावी राहायला तयार असाल तर पत्त्याखाली तसं लिहा. सेनगावचा पत्ता पाहून पहिला प्रश्न तोच येतो. नोंदणी किंवा मुलाखतीसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथं अर्ज पाठवू नका.