ऐकणाऱ्याचा चेहरा

अब्बास कियारोस्तामी यांचा ‘टेन’ (२००२) मोटारीत सुरू होतो आणि मोटारीतच संपतो. तेहरानच्या रहदारीतून एक बाई गाडी चालवते आहे, शेजारी तिचा शाळकरी मुलगा. आईनं घटस्फोट घेतला, दुसरं लग्न केलं, याचा सगळा राग तो पोक्त माणसाच्या भाषेत बाहेर काढतोय. मध्येच कान झाकून घेतो, मध्येच ओरडून तिचं वाक्य तोडतो. पंधरा मिनिटं होऊन जातात तरी कॅमेरा पोरावरून हलत नाही. आईचा आवाज सतत कानावर पडतो, आई मात्र दिसत नाही. मुलगा उतरून गेल्यावर कुठे तिचा चेहरा पहिल्यांदा समोर येतो, आणि इतका वेळ आपण मनात रंगवलेली बाई ती हीच का, असा प्रश्न पडतो.

डॅशबोर्डवर बसवलेले दोन छोटे डिजिटल कॅमेरे आणि दहा संभाषणं, एवढ्या भांडवलावर हा चित्रपट उभा आहे. पाठलाग नाही, गाणं नाही, गाडी सोडून दुसरं ठिकाणही जवळजवळ नाही.

असल्या चित्रपटांना आपल्याकडे ‘हे तर नाटकच झालं’ असं म्हणून एका वाक्यात निकालात काढतात. हिचकॉकचीही तक्रार होती, की बहुतेक चित्रपट म्हणजे बोलत्या माणसांची नुसती छायाचित्रं असतात. तक्रार खोटी नव्हती. संध्याकाळी टीव्हीवर कुठलीही मालिका लावून पाहा. जो बोलेल त्याच्यावर कॅमेरा, दुसऱ्यानं तोंड उघडलं की दुसऱ्यावर. (आणि सासूबाईंना धक्का बसला की घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा.) त्यात बघण्यासारखं काही नसतं म्हणूनच भाजी निवडता निवडता मालिका ‘पाहता’ येते.

संवादावर चालणारा चांगला चित्रपट मात्र एका वेगळ्याच प्रश्नात अडकलेला असतो: एक जण बोलत असताना पडद्यावर कोण दिसावं? मारामारीत ठोसा कुणाला बसला ते उघड दिसतं. शब्द लागला की नाही, कुठे लागला, हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच कळतं. म्हणून बोलणाऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटांत खरं काम ऐकणाऱ्यांचं असतं, असं माझं मत आहे.

सिडनी ल्युमेट यांचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) घ्या. रेजिनाल्ड रोझ यांनी तो मुळात १९५४ मध्ये टीव्हीसाठी लिहिला. ल्युमेटही टीव्हीतलेच, मोठ्या पडद्यावरचा त्यांचा हा पहिला चित्रपट. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा, निकालासाठी एका खोलीत बसवलेले बारा ज्युरी. अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, एकटा हेन्री फोंडा म्हणतो, आपण आधी बोलू या. उकाड्याचा दिवस, पंखा बंद. ९६ मिनिटांतली जेमतेम तीन मिनिटं या खोलीच्या आणि तिला लागून असलेल्या स्वच्छतागृहाच्या बाहेर घडतात.

निर्मात्याला धडकी भरावी असा हा मामला. ल्युमेटनी उलटा विचार केला: खोली लहान आहे ना, मग ती आणखी लहान वाटू दे. पहिल्या भागात कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर ठेवला, मधल्या भागात नजरेच्या पातळीवर आणि शेवटच्या भागात खाली. त्याबरोबर लेन्सही बदलत नेल्या, जास्त लांब फोकल लेंग्थच्या. अशा लेन्समुळे माणसामागची भिंत त्याच्या पाठीला येऊन टेकल्यासारखी वाटते. शेवटी शेवटी कॅमेरा इतका खाली जातो की छत दिसायला लागतं. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही, त्याला नुसतं गुदमरल्यासारखं होतं. आणि सगळे बाहेर पडतात त्या शेवटच्या शॉटला एकदम वाइड अँगल लेन्स, म्हणजे आपणही श्वास सोडतो. बोरिस कॉफमन हे छायाचित्रकार होते, ‘ऑन द वॉटरफ्रंट’साठी ऑस्कर मिळवलेले. नुसत्या बडबडीच्या चित्रपटाला इतका तयारीचा कॅमेरामन कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आवाज बंद करून हा चित्रपट पाहावा.

त्याच्या चित्रीकरणाची एक गोष्ट ल्युमेटनी आपल्या ‘मेकिंग मूव्हीज’ या पुस्तकात सांगितली आहे. प्रत्येक कोनासाठी नव्यानं प्रकाशयोजना करत बसलं तर पैसे संपणार. म्हणून त्यांनी खुर्चीनुसार चित्रीकरण केलं. एका खुर्चीवर दिवे लावले की त्या बाजूची सगळी वाक्यं, चित्रपटात ती कुठेही येवोत, एका दमात उरकायची, मग पुढची खुर्ची. परिणामी फोंडा आणि ली जे. कॉब यांच्यातल्या खडाजंगीची एक बाजू एका दिवशी चित्रित झाली आणि दुसरी कित्येक दिवसांनी. पडद्यावर दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. प्रत्यक्षात एकाचा राग दुसऱ्यानं आठवणीतून झेललेला आहे. हे जमलं, कारण आधी दोन आठवडे कसून तालीम झाली होती. कोण कुठल्या शब्दाला बिचकतो, कुणाचे डोळे कधी खाली जातात, हे बाराही जणांच्या अंगात मुरलं होतं.

कियारोस्तामींनी ‘टेस्ट ऑफ चेरी’ (१९९७) मध्ये हीच गोष्ट टोकाला नेली. आत्महत्या करायला निघालेला एक गृहस्थ आपल्यावर माती लोटायला कुणीतरी तयार होईल का, हे विचारत गाडीतून फिरतो. गाडीतली माणसं एकमेकांशी बोलताना दिसतात, पण चित्रीकरणाच्या वेळी समोरच्या सीटवर बहुतेक वेळा दिग्दर्शक स्वतःच बसलेला असे. नट ज्याचं ऐकतोय असं आपल्याला वाटतं, तो तिथे नव्हताच. कानमध्ये या चित्रपटाला पाम दॉर मिळालं.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’वरून बासू चटर्जींनी १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ केला. के. के. रैना फोंडाच्या जागी, पंकज कपूर कॉबच्या जागी, आणि म्हाताऱ्या ज्युरीच्या भूमिकेत तिशीतला अन्नू कपूर! गंमत अशी, की तोवर आपल्याकडे ज्युरी पद्धत इतिहासजमा झाली होती. मुंबईत १९५९ मध्ये कमांडर नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवणारी ज्युरी गाजली, तो निकाल उच्च न्यायालयात टिकला नाही, आणि पुढे ती पद्धतच गेली. तेव्हा हा सगळा प्रसंग भारतात घडणंच शक्य नव्हतं. पण बारा माणसं खोलीत कोंडली आणि त्यांच्यात एक चिडका, एक घाईचा, एक मत नसलेला असला की आपल्याला सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवते आणि कायदा विसरायला होतो.

लुई माल यांच्या ‘माय डिनर विथ आंद्रे’ (१९८१) मध्ये तर बाराही नाहीत, दोनच. नाटककार वॉलेस शॉन आणि नाट्यदिग्दर्शक आंद्रे ग्रेगरी, दोघंही स्वतःच्याच नावानं, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जेवायला बसतात. आधी दोघांनी प्रत्यक्ष गप्पा मारून त्या टेप केल्या आणि शॉननी त्यातून पटकथा घडवली. म्हणजे जे सहज सुचल्यासारखं वाटतं, ते शब्द न् शब्द लिहिलेलं आहे. ‘न्यूयॉर्क’ही खोटंच: चित्रीकरण झालं व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये, तेव्हा बंद पडलेल्या जेफरसन हॉटेलात, ऐन थंडीत.

चित्रपटाचा पहिला मोठा भाग आंद्रे एकटाच बोलतो. पोलंडमधलं जंगल, सहारा, स्वतःला जिवंत पुरून घेण्याचा प्रयोग, काय वाटेल ते. वॉली ‘हो का’, ‘मग काय झालं’ एवढंच विचारत राहतो. त्याचा गोल, किंचित भांबावलेला चेहरा हीच आपली बसायची जागा. त्याला कंटाळा आला की आपल्याला बरं वाटतं, चला, आपण एकटे नाही. आणि मग जेवण बरंच पुढे सरकल्यावर हा गृहस्थ तोंड उघडतो. विषय कुठला, तर विजेवर तापणारं पांघरूण! आंद्रेच्या मते ते माणसाला खऱ्या थंडीपासून तोडतं. वॉली म्हणतो, न्यूयॉर्कच्या थंडीत मला ते हवंच आहे, मी ते सोडणार नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर इतका अटीतटीचा प्रसंग दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मी पाहिलेला नाही. आधीचा तासभर तो गप्प राहिला नसता तर या वाक्याला काडीची किंमत आली नसती.

रिचर्ड लिंकलेटर यांची ‘बिफोर’ मालिका (१९९५, २००४, २०१३) आपल्याकडच्या तरुणांनी डोक्यावर घेतली. व्हिएन्ना, पॅरिस, ग्रीस. तीच दोघं, दर नऊ वर्षांनी. तिन्ही भागांत अखंड बोलणं असलं, तरी पहिल्या भागातला लोकांना आठवतो तो प्रसंग बिनबोलण्याचा आहे. रेकॉर्डच्या दुकानातली गाणं ऐकायची चिंचोळी खोली, दोघं दाटीवाटीनं उभी. तो बघतो तेव्हा ती नजर वळवते, ती बघते तेव्हा तो. कट नाही, संवाद नाही.

मराठीत याची मुळं अर्थातच रंगभूमीत आहेत. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये चित्रपट केला. गोविंद निहलानींचं छायाचित्रण, बेणारेबाई सुलभा देशपांडे. मूळ नाटकात बेणारेला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. ती गप्प उभी राहते, बाकीचे थिजतात, आणि तिच्या मनातलं सगळं आपल्याला ऐकू येतं. कोर्टातल्या एकाच्याही कानावर त्यातला शब्द पडत नाही. निहलानी पुढे महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून ‘पार्टी’ (१९८४) घेऊन आले. हिंदी बोलणारा, पण हाडानं मराठी चित्रपट. विजया मेहतांच्या घरी साहित्यिक-नाटकवाले जमलेत, हातात ग्लास, आणि बोलणं पुन्हा पुन्हा वळतं ते तिथे न आलेल्या एका कवीकडे. प्रत्येक जण त्याच्याबद्दल बोलता बोलता स्वतःची लाज झाकतो. दिवाळी अंकात लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी तर तो वर्षातून एकदा पाहावाच.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) याच्या बरोबर उलट टोकाला उभा आहे. लोकशाहिरावरचा खटला चालू आहे. सरकारी वकील एकसुरात कायद्याची कलमं वाचतात, त्यातला नाट्यप्रयोगांचा कायदा १८७६चा. कॅमेरा लांब, स्थिर, कुणाचाही चेहरा जवळून न दाखवणारा. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती सगळ्या भाषा बोलल्या जातात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. एका बाईचं प्रकरण तर तिनं बिनबाह्यांचा कपडा घातला म्हणून पुढे ढकललं जातं. ऐकणारा उरला नाही, तेव्हा ताम्हाणेंनी क्लोजअपही काढून घेतला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

या जड नावांच्या रांगेत सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) बसवला तर काही जण नाक मुरडतील. मुरडोत. स्थळ बघायला आलेली मुंबईची मुलगी आणि पुण्याचा मुलगा, एक दिवस, पुण्याचे रस्ते. मुक्ता बर्वे आणि स्वप्निल जोशी सोडून पात्रं जवळपास नाहीतच. शहरांची उणीदुणी काढण्याच्या आडून दोघं एकमेकांना जोखत राहतात, आणि मुक्ता बर्वेचं ऐकणं, म्हणजे ओठ घट्ट मिटून हसू दाबणं, हे त्या चित्रपटाचं निम्मं काम करतं. तिकीटबारीवर तो चालला, म्हणून २०१५ आणि २०१८ मध्ये पुढचे भाग आले. त्यांत आई आली, बाबा आले, काका-मावश्या आल्या, साखरपुडा, लग्न, पुढे बाळही. माणसं वाढली तशी गाणी वाढली, आणि त्या दोघांना निवांत बोलत बसायला जागाच उरली नाही.