फाईल अपलोडची टेस्ट : ‘मार्कशीट’चं ‘मरकशट’ कसं होतं?

आजचा विषय फाईल अपलोडच्या ऑटोमेटेड टेस्ट. म्हणजे दरवेळी आपण बटण दाबून बघण्याऐवजी प्रोग्रामनेच फाईल पाठवायची आणि निकाल तपासायचा. उदाहरणाला पायथनमधलं जँगो घेतो, कारण माझा हात त्यावर बसलाय.

बऱ्याच प्रोजेक्टमध्ये अशी टेस्ट एकच असते. ‘टेस्ट.जेपीजी’ नावाची चिमुकली फाईल पाठवली, २०० आलं, हिरवी खूण, विषय संपला. पण फॉर्म भरणारी मुलगी शेवटच्या तारखेला रात्री साडेअकरा वाजता फोनवरून ‘मार्कशीट.पीडीएफ’ टाकत असते. तिच्यासारखी फाईल टेस्टमध्ये नसेल, तर त्या हिरव्या खुणेचा तिला काय उपयोग?

आधी नाव बघू. सेव्ह करताना जँगो फाईलचं नाव ‘साफ’ करतो. अक्षरं, आकडे, टिंब, हायफन, अंडरस्कोर ठेवतो, स्पेसच्या जागी अंडरस्कोर घालतो, बाकीचं उडवतो. आता गंमत ऐका. पायथनच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये काना, वेलांटी, हलन्त हे ‘अक्षर’ धरलंच जात नाही! त्यामुळे ‘मार्कशीट’चं होतं ‘मरकशट’. ‘दीप’ आणि ‘दीपा’, दोघांचंही ‘दप’. एक फाईल दुसरीवर लिहिली जात नाही, कारण नाव आधीच असेल तर जँगो पुढे रँडम अक्षरं जोडतो. पण नंतर त्या ढिगात फाईल शोधणाऱ्या माणसाचे हाल बघा. म्हणून सर्व्हरवर आपलाच आयडी नाव म्हणून द्या, मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवा. आणि टेस्टमध्ये मराठी नावाची फाईल पाठवून, डाउनलोड करताना तेच नाव परत येतं का ते तपासा. माझ्या मते पहिली टेस्ट हीच लिहावी.

मग साईझ. डीफॉल्टला २.५ एमबीपर्यंतची फाईल जँगो मेमरीत ठेवतो, त्याहून मोठी डिस्कवर टेम्पररी फाईल म्हणून लिहितो. चिमुकल्या फाईलने ही दुसरी वाट कधी तपासलीच जात नाही, आणि फोनचे फोटो तर सहज ३-४ एमबीचे असतात. मर्यादा ५ एमबी असेल तर बरोबर ५२,४२,८८० बाइट्सची एक फाईल आणि एकच बाइट जास्त असलेली दुसरी, अशा दोन्ही पाठवा. पहिली गेली पाहिजे, दुसरी अडली पाहिजे.

इथे एक फसवी जागा आहे. जँगोचा टेस्ट क्लायंट वेब सर्व्हरमधून जातच नाही. समोर एन्जिनेक्स असेल तर त्याची डीफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे. त्यापुढे तो स्वतःच ४१३ देतो, जँगोला पत्ताही लागत नाही. त्यामुळे निदान एक टेस्ट स्टेजिंगवर, खऱ्या ब्राउझरमधून चालवा. प्लेराइट वापरत असाल तर फाईल निवडायच्या खिडकीच्या नादी लागू नका, इनपुटलाच थेट फाईल द्या.

प्रकाराबद्दल थोडक्यात. एक्सटेन्शनवर भरवसा नको. एचटीएमएल फाईलला ‘फोटो.जेपीजी’ नाव देऊन पाठवा, ती नाकारली गेलीच पाहिजे. खऱ्या जेपीजीचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असतात. आयफोनचा एचईआयसी फोटो आला तर काय करायचं तेही ठरवा. नाकारणार असाल तर नुसता स्टेटस कोड तपासू नका. ‘जेपीजी किंवा पीडीएफ पाठवा’ असा कळेल असा मेसेज दिसतो का, हेही टेस्टमध्ये हवं.

आणि हो, टेस्ट संपल्यावर डेटाबेस पूर्ववत होतो, डिस्कवरच्या फाईली मात्र तशाच राहतात. टेस्टपुरता मीडिया रूट टेम्पररी फोल्डरकडे वळवा आणि शेवटी ते फोल्डर उडवून टाका.