विश्लेषण : छावणीतली सुटी होणारी खुर्ची पुन्हा का हवीशी?

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीजवळच्या वडपे परिसरात गोदामांच्या रांगा दिसतात. ऑनलाइन मागवलेली कपाटे, टेबले अशाच गोदामांतून सपाट खोक्यांत घरोघरी जातात. सुटे करून न्यायचे आणि पोहोचल्यावर जोडायचे, ही युक्ती मात्र जुनी आहे. हाताने फर्निचर घडवणारे काही कारागीर आज तिच्या मूळ रूपाकडे वळत आहेत.

‘कॅम्पेन फर्निचर’ म्हणजे काय?

मोहिमेवरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे सामान बैलगाडी, उंट, खेचरांवरून जाई. म्हणून खणांचे कपाट दोन भागांत सुटे होई. आपटून फुटू नये म्हणून कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आणि कशात अडकू नयेत म्हणून कड्या लाकडात खोल बसवलेल्या असत. अशा अधिकाऱ्यांना सामान पुरवणारे आर्मी अँड नेव्ही स्टोअर मुंबईत 1891 मध्ये सुरू झाले. त्याची काळा घोडा येथील इमारत आजही उभी आहे.

रुरकी खुर्चीचे वैशिष्ट्य काय?

रुरकी हे बंगाल सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे ठाणे. त्यावरून नाव पडलेल्या या खुर्चीत खिळा नाही, सरस नाही. आडव्या दांड्यांची निमुळती टोके पायांच्या भोकांत बसतात. बैठक कॅनव्हासची किंवा चामड्याची. माणूस बसला की ताणाने सांधे घट्ट होतात. सांधे थोडे हलते असल्याने उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. डेन्मार्कचे कारे क्लिंट यांनी याच धर्तीवर 1933 मध्ये ‘सफारी’ खुर्ची केली.

कारागिराची कसोटी कुठे?

भोक आणि टोक यांचा उतार तंतोतंत जुळवण्यात. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे लाकूड चांगले वाळलेले हवे. आकसले तरी निमुळते टोक थोडे आत सरकून पुन्हा घट्ट बसते.

आज उपयोग काय?

11 महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्यांना घर बदलताना याचा फायदा होतो. भुशाच्या दाबीव फळीतले स्क्रू दोन-तीनदा काढले-घातले की पकड सुटते. हाताने केलेला सांधा पुन्हा पुन्हा सुटण्यासाठीच घडवलेला असतो. किंमत अर्थातच जास्त, कारण त्यात कारागिराचे दिवस मोजलेले असतात.

घेताना काय पाहावे?

दुकानातच खुर्ची सुटी करून पुन्हा जोडायला सांगा. हातोडीशिवाय जमले, तर काम खरे.