संगणकाचा वचनविचार

शाळेंत असतांना आपण सर्वांनीं वचनविचार पाठ केलेला आहे. घोडा–घोडे, खोली–खोल्या, फूल–फुलें. परीक्षेबरोबर तो विषय संपला, असें आपणांस वाटतें; परंतु हातांतील फोनवर '१ संदेश आले' असें वाक्य दिसलें, म्हणजे तो संपलेला नाहीं हें ध्यानांत येतें.

हा दोष उद्भवतो कसा? संगणकाची आज्ञावली प्रथम बहुधा इंग्रजींत लिहिली जाते. त्या भाषेंत नामाच्या शेवटीं एक अक्षर जोडलें कीं पुष्कळदां अनेकवचन सिद्ध होतें. म्हणून लिहिणारा वाक्याचे तुकडे करून ठेवतो : संख्या निराळी, नाम निराळें, शेवटचें अक्षर निराळें. हे तुकडे मराठी भाषांतरकारापुढें आले, म्हणजे त्याचा निरुपाय होतो. 'संदेश' हा शब्द दोन्ही वचनांत सारखाच. पण 'एक नवा संदेश आला' आणि 'दोन नवे संदेश आले' यांत विशेषण व क्रियापद दोन्ही बदलतात. तेव्हां केवळ नामाचीं नव्हेत, सबंध वाक्याचींच दोन रूपें हवींत.

इतर भाषांची तऱ्हा आणखी निराळी. जपानींत एकाच रूपानें भागतें. रशियनमध्यें १, २१, ३१ यांना एक रूप; २ ते ४, २२ ते २४ यांना दुसरें; ५ ते २० यांना तिसरें. म्हणजे २१ ला १ चें रूप चालतें, ११ ला चालत नाहीं! अरबींत तर सहा प्रकार मानावे लागतात.

यावर ग्नू गेटटेक्स्ट या साधनानें सुटसुटीत उपाय योजिला आहे. प्रत्येक भाषेच्या फाईलच्या आरंभीं त्या भाषेंत रूपें किती आणि कोणत्या संख्येस कोणतें, हा नियम एका ओळींत लिहावयाचा. मराठीचा नियम असा : रूपें दोन, संख्या १ असेल तर पहिलें, एरवीं दुसरें. शून्यही दुसऱ्यांतच पडतें. भाषांतरकार दोन्ही वाक्यें पूर्ण लिहितो. निवड संगणक करतो.

मात्र ही सोय आज्ञावली लिहितांनाच ठेवावी लागते. एकदां तुकडे झाल्यावर भाषांतरकारास ते सांधतां येत नाहींत. ही केवळ शुद्धलेखनाची हौस नव्हे. औषधाची आठवण देणाऱ्या फोनवर '१ गोळ्या घ्या' असें वाचून आजीबाईंनीं गोळी एक घ्यावी कीं अधिक? म्हणून भाषांतर हातीं घेणाऱ्यानें पहिला प्रश्न हाच विचारावा : संख्येचीं वाक्यें मला सबंध मिळणार ना?