अन्नछत्राच्या वाटेवरची गाडी

पहाटे ३.१५

चुलीत तुराट्या पेटल्यात. फेब्रुवारीतला गुरुवार, हवेत गारवा. अक्का काठवटीसमोर बसलेली. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. एक तर गॅस परवडत नाही, दुसरं म्हणजे गिऱ्हाईक वास ओळखतं.

पीठ सहा किलो. त्यात उकळतं पाणी, मग तळहाताच्या टाचेनं रगडणं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना कडेला चिरा पडतात. म्हणून ज्वारीचं दळण दर तिसऱ्या दिवशी. गोळा, पीठ, थाप. भाकरी काठवटीत आपोआप फिरत मोठी होते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. उलटली की आरावर, आणि तिथं ती टम्म फुगते. हे साठ वेळा. अक्का मोजत नाही, टोपलीकडं बघून सांगते.

पहाटे ४.४०

हातगाडा ढकलायला तिचे मालक येतात, मग रिक्षा घेऊन सोलापूर रोडला जातात. गाड्यावर एकोणीस किलोचा सिलिंडर, दोन शेगड्या, पितळी पातेलं, स्टीलचे डबे आणि भाकरीची टोपली. टोपलीवर धुतलेलं धोतर दुहेरी पांघरलेलं. एका चाकाचं बेअरिंग गेलंय, त्यामुळं गाडा डावीकडं ओढतो. बेअरिंग पुढच्या महिन्यात.

पहाटे ५.००

अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिरात काकडआरतीची घंटा. स्वामी समर्थ १८५६ च्या सुमारास या गावात आले आणि ३० एप्रिल १८७८ रोजी इथंच समाधिस्थ झाले. वडाखालची त्यांची बैठक हेच आजचं मंदिर. रात्रीच्या गाडीनं आलेली माणसं अंगावर शाली घेऊन रांगेत उभी आहेत.

पहिला चहा झाडूवाल्या मावशीला, बिनपैशाचा. पहिली कमाई दुसऱ्या कपापासून. कप दहा रुपये. आलं ठेचून, दूध जास्त, साखर त्याहून जास्त. अक्का म्हणते, उपाशी माणसाला गोडच लागतं.

सकाळी ७.१०

सोलापूरहून पहिल्या एसट्या येतात. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत, म्हणून बरेच जण घरून चहा न घेता निघतात. आता शेगडीवर उप्पीट. शेजारच्या डब्यात सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्याला मिरची, शेंगदाणे आणि हळदीची फोडणी. मुंबईची माणसं विचारतात, हे पोहे का? अक्का "हो" म्हणते. दोन घास खाल्ल्यावर त्यांना आपसूक कळतं. प्लेट तीस रुपये.

एक आजी कन्नडमधून विचारतात. अक्का त्याच दमात कन्नडमधून उत्तर देते. या गावात एका प्लेटला दोन भाषा लागतात. गाणगापूर करून आलेली गिऱ्हाइकं असली की तिसरीही, हातवाऱ्यांची.

सकाळी ९.३०

दूधवाला दुसऱ्यांदा येतो. दिवसाला सोळा लिटर, लिटरमागे ५५. पैसे रोख, कारण गुरुवारी उधारी चालत नाही. पाण्याचे चार जार, प्रत्येकी तीस. पालिकेची पावती वीस. मदतीला शेजारची एक बाई आहे. तिची मजुरी चारशे, जेवण आणि दोन चहा. भांडी, कांदा कापणं, कप गोळा करणं ही तिची कामं. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नाहीत. हात पुढं केला की वस्तू हातात येते.

"काय लिहलालाव ओ दादा?" अक्का मला विचारते.

"तुमचा दिवस."

"मग दूध उतू जातंय तेवढं बघा की."

सकाळी ११.३०

नैवेद्याची आरती. गाड्यासमोरचा रस्ता पाच मिनिटं थबकतो. चहाचं पातेलं मंद आचेवर. आरती संपली की गर्दी एका दिशेनं वाहू लागते, अन्नछत्राकडं.

दुपारी १२.४०

गाड्यावर कुणी नाही. हा दिवसातला रिकामा तास, आणि तो रोज याच वेळी येतो. श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ १९८८ च्या गुरुपौर्णिमेला सुरू झालं. तिथं दुपारी आणि रात्री पंगती बसतात, आणि ताटाला पैसे पडत नाहीत. गाड्यावरून ती रांग दिसते. लेकरं कडेवर, चपला हातात.

मी विचारतो, "अक्का, शेजारी फुकट जेवण. तुमचं कसं चालतं?"

ती कांद्याची टरफलं गोळा करते. "ते जेवण आहे म्हणून तर माणूस येतंय. आलं की चहा पितंय. रांगेत उभं राहून लेकरू रडलं की पाण्याची बाटली घेतंय. रांग लांब असली की माझ्याकडं येतंय."

"आणि तुम्ही तिथं जेवता?"

"सोमवारी जाते. पंगतीत बसून. कुणीतरी वाढतंय, बरं वाटतं."

आत्ता मात्र ती उभ्यानंच जेवते. भाकरीचा पापुद्रा, शेंगाची चटणी, वर कच्चं तेल. सहा मिनिटं लागली.

दुपारी २.१५

आता ड्रायव्हर येतात. सकाळपासून पार्किंगमध्ये गाडीत झोपलेले. गाडीचे मालक दर्शनाला, मग प्रसादाला, मग राजवाड्यातलं शस्त्रागार बघायला. गाडी सोडून रांगेत उभं राहणं यांना जमत नाही. फोन आला की पाच मिनिटांत गाडी दाराशी हवी. यांच्यासाठीच ती टोपली.

दोन भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. ऐंशी रुपये. पिठलं लागेल तेवढं. एक नाशिकचा ड्रायव्हर तिसरी भाकरी मागतो आणि पैसे विचारतो. अक्का हात हलवून "असू दे" म्हणते. तो खाऊन उठताना वीसची नोट डब्याखाली सरकवतो. दोघंही तिकडं बघत नाहीत.

दुपारी ४.२०

पुण्याची चार पोरं. चहा घेताना फोनवरचे फोटो चाळतात. जानेवारीत गुलमर्गला गेली होती, स्कीइंग शिकायला. अक्का पातेल्यावरून मान लांब करून बघते. बर्फात एक टपरी, समोर पाट्या पायाला बांधलेली माणसं वाफाळती मॅगी खातायत.

"हे कुठं?"

"काश्मीरला. पाळण्यातून वर जातात. पहिला टप्पा, मग दुसरा. तेरा हजार फुटांजवळ पोचतो."

"वर खायला किती घेतात?"

"खालच्या दुप्पट. जास्तच."

"घेणारच की. सिलिंडर वर कोण नेतं?"

पोरं एकमेकांकडं बघतात. कुणाला ठाऊक नाही.

"थंडीत गॅस नीट पेटतो का?"

तेही ठाऊक नाही. अक्का फोन परत देते. मग शेगडीखाली वाकून सिलिंडर एका बाजूला कलवते आणि सोडते. आवाजावरून किती उरलाय ते कळतं. उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल. एक सिलिंडर साडेचार दिवस, दिवसाला साधारण चारशे रुपये. तिच्या डोक्यात वरच्या टपरीचाही हिशोब सुरू झालेला असणार.

संध्याकाळी ६.३०

दिवे लागतात. परतीची माणसं निघाली. समोरच्या दुकानात कडक भाकरीची पाकिटं आणि शेंगाचटणीचे पुडे विकले जातात, पुण्या-मुंबईला न्यायला. अक्का हे ठेवत नाही. पाकिटात पैसे अडकतात, म्हणते. तिचा माल त्या दिवशीचा त्या दिवशीच संपला पाहिजे.

गावचे म्हातारे आता येतात. "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, असं एकमेकांना विचारत अर्धा-अर्धा चहा घेतात. अर्ध्याचे पाच रुपये. गर्दीचा गुरुवार असो की रिकामा मंगळवार, हे गिऱ्हाईक बदलत नाही.

रात्री ८.४५

अन्नछत्रात रात्रीची पंगत सुरू. गाड्यावर शेवटचं आधण. मदतीची बाई राखेनं पातेलं घासते. अक्का डब्यातले पैसे फडक्यावर ओतते. नोटा सरळ करते, चिल्लर वेगळी. फोनवर आलेले पैसे मुलगा घरी मोजतो, तो आकडा तिनं फोन करून विचारलाय.

चहा २६० कप, म्हणजे २,६००. नाश्ता ५५ प्लेट, १,६५०. भाकरी २८ प्लेट, २,२४०. पाण्याच्या २४ बाटल्या, ४८०. एकूण ६,९७०. दूध, साखर, पत्ती, पीठ, तेल, गॅस, कप, पाणी, पावती, मजुरी मिळून गेले ४,१०० च्या आसपास. उरले २,८७०. त्यातले पाचशे बचत गटाचा हप्ता, तो उद्याच. हा गुरुवारचा आकडा. एरवी याच्या निम्मंही होत नाही.

रात्री ९.४०

घरी. मालकांनी गाडा अंगणात लावलाय, चाकाला दगड. साठ भाकऱ्यांतल्या छप्पन्न ड्रायव्हरांनी खाल्ल्या. एक त्या नाशिकवाल्याला, एक मदतीच्या बाईला, एक दुपारी अक्कानं स्वतः खाल्ली. उरलेली एक मालकांच्या ताटात, दूध कुस्करून.

अक्का पाय लांब करून भिंतीला टेकते. उजव्या हाताचा तळवा चोळते, जिथं थापा बसतात. मग दळणाची पिशवी दाराशी आणून ठेवते, सकाळी मुलगा गिरणीत टाकेल.

उद्या शुक्रवार. भाकरी तीसच करायची.